शब्द माघारी

त्या दिवशी सकाळी साडेपाचला ज्योतीराम खाली आला तेव्हा इंदुताई शेवटची चपाती लाटत होती. पहिल्या शिफ्टचे सोळा डबे भरून ओळीनं लावलेले, त्याचा डबा सगळ्यात पुढं. खानावळीचं शटर अर्धं वर केलेलं. बाहेर भोसरीची गल्ली अजून नीट उजाडली नव्हती.

रोज आल्या आल्या तो म्हणायचा, “ताई, आजचा दिवस एक नंबर.” त्या दिवशी म्हणला नाही. चौकटीला खांदा लावून उभा राहिला. कंपनीचा निळा शर्ट इस्त्रीचा, पण पाठीवर ओला झालेला. पहाटेचं गार होतं, पंखा चालू होता, आणि याच्या कपाळावर घाम.

“ताई,” म्हणला, “छातीत जळायलंय गं. रातीपासून. हा डावा हात पण जड पडल्यावाणी झालाय.”

इंदुताईनं मान वर केली. पिठानं भरलेला पंजा उघडून त्याच्यासमोर धरला, खानावळीत सगळे धरायचे तसा, आणि हसत म्हणली, “शब्द माघारी!”

तो जरा वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग हसला.

“घेतला माघारी,” म्हणला. “एकदम ठणठणीत हाय.”

“असं बोलावं. आज सापडलास का न्हाई? संध्याकाळचा तुझा पापड माझा.”

त्यानं डबा उचलला. डबा नेहमी डाव्या हातात असायचा, कारण उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. शटरखालून वाकून बाहेर पडला, चार पावलं गेला आणि थांबला, डबा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. तीन बोटांत कडी कशीबशी अडकवली आणि पुलाखाली कंपनीची बस येते तिकडं गेला. इंदुताईनं हे बघितलं. नीट बघितलं. मग करपल्याचा वास आला म्हणून ती तव्याकडं वळली.

पावणेदहाला फोन आला. गणराजचा, कंपनीत ज्योतीरामच्याच लाइनवरचा पोरगा. “मावशी, वर्षालीवहिनींना घेऊन या. दवाखान्यात या.” त्याच्या आवाजावरनंच तिला कळलं. निघोज्याच्या कंपनीतनं आणेपर्यंत रस्त्यातच सगळं संपलं होतं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस.

आता हे शब्द माघारी काय प्रकरण होतं, ते सांगितल्याबिगर कुणाला पुढचं कळणार नाही.

ज्योतीराम इंदुताईचा पाठचा भाऊ. मधी नऊ वर्षांचं अंतर. आई शेतात जायची तेव्हा हिच्याच कडेवर वाढला. औश्याकडनं भोसरीला त्याला आणला तो पण हिनंच, बारावीला नापास झाला तेव्हा. तिचा नवरा इथं वर्कशॉपला होता. तो काविळीत गेला, मग तिनं खानावळ टाकली. मूलबाळ नव्हतं. ज्योतीराम, त्याची बायको वर्षाली आणि त्यांची मिनल, हेच तिचं घर. ती खाली खानावळीत, ते वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत.

सात वर्षांपूर्वी एका लहान वर्कशॉपमधी पॉवर प्रेसनं ज्योतीरामच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. जखम दीड महिन्यात भरली, पण माणूस उठंना. चार महिने भिंतीकडं तोंड करून पडलेला. हात टॉवेलात गुंडाळलेला, घरात सुद्धा. डाव्या हातानं जेवावं लागतं म्हणून सगळे झोपल्यावर जेवायचा. मिनल तेव्हा लहान, ती एकदा म्हणली, “पप्पा, दाखवा ना,” तर तिच्यावर असा ओरडला की पोरगी हप्ताभर खालीच झोपली आत्याजवळ. वर्षाली तळवड्याला वायरिंगच्या कंपनीत लागली. ती काही बोलायची नाही, पण एकदा भांडी घासता घासता म्हणली, “ताई, माणूस हाय पण आणि न्हाई पण.”

त्याच दिवसांत एकदा इंदुताई थेरगावला गेली होती, डांगे चौकात, ताटं घ्यायला. तिथं एका हातगाडीवर जुनी पुस्तकं मांडलेली. ही चौथी शिकलेली. गाडीवाल्याला सरळ म्हणली, “भाऊ, पडलेला माणूस उठून बसंल असं काय हाय का?”

तो हसला नाही का काही नाही, त्यानं एक पिवळ्या कव्हराचं पुस्तक काढून दिलं. वर उगवता सूर्य. म्हणला, “हे न्या. लई लोकं उठलीत.”

आठ दिवस ते पुस्तक ज्योतीरामच्या उशाला, वर गोळ्यांची पाकिटं ठेवलेली. नवव्या दिवशी तिनं वर चहा नेला तर तो वाचत होता.

“ताई, येडंच पुस्तक आणलंस. म्हणतंय आरशासमोर उभं राहा आन् स्वतःला शाब्बास म्हणा.”

“मग म्हण की. आरसा काय भाडं मागतोय का?”

त्यावर तो हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा. इंदुताई जिन्यात बसून रडली त्या दिवशी, आनंदानं. म्हणून कुणी त्या पुस्तकाला नुसतं वाईट म्हणलं की तिला पटत नाही. त्या पुस्तकानं भाऊ तिला परत दिला होता, हे खोटं कसं म्हणायचं?

तो उठला. पुस्तकात लिहिलं होतं रोज एक पान लिहा, तर डाव्या हातानं लिहायला लागला, मिनलच्या पाटीवर, मग वहीत. पहिल्यांदा कोंबडीनं पाय ओढल्यासारखी अक्षरं, सहा महिन्यांत मोत्यासारखी. माप घ्यायचं काम शिकला. तीन बोटांत मायक्रोमीटर असा धरायचा की दहा बोटंवाल्याला जमू नये. चाकणच्या पट्ट्यात, निघोज्याला, एका कंपनीत तपासणीला लागला आणि तीन वर्षांत लाइनचा प्रमुख झाला. हात टॉवेलातनं कधीच बाहेर आला होता. आता तोच हात पुढं करून लोकांना राम राम करायचा.

मग तो खानावळीत वाचायला लागला. संध्याकाळी पंगत बसली की पाच मिनिटं, एक पान. वीस-बावीस माणसं, कुणी नांदेडचं, कुणी बीडचं, कुणी कोकणातलं, घरदार सोडून आलेली. त्यांना बरं वाटायचं. धोंडीबा म्हणून एक वेल्डर होता, रोज पिऊन यायचा, त्यानं सोडली. म्हणजे पुरती नाही, रविवारपुरती ठेवली, पण सहा दिवस तरी सोडली. ज्योतीरामनं भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं डाव्या हातानं लिहिलं, ‘इथं फक्त चांगलं बोला’. आणि हा खेळ काढला. कुणी वाईट बोललं, म्हणजे कंटाळा आलाय, जमणार नाही, दुखतंय, मरतो आता, काही पण, की जो पहिला बघंल त्यानं पंजा दाखवायचा आणि म्हणायचं, शब्द माघारी! बोलणाऱ्यानं म्हणायचं, घेतला माघारी. पकडणाऱ्याला त्याचा पापड. ज्योतीराम स्वतः मुद्दाम मधीच काहीतरी रडकं बोलायचा, कोण पकडतंय ते बघायला. सगळे हसायचे. पापडावरनं भांडणं व्हायची.

खेळच तो. पण हळूहळू खेळ राहिला नाही.

भैरूचं कंत्राट संपलं तेव्हा ते दिसलं. भैरू त्याच्याच गावाकडचा, तीस वर्षांचा, त्याला कंपनीनं ब्रेक दिला. त्याला एकट्याला नाही, सत्तर जणांना दिला. पंगतीत येऊन बसला, मान खाली.

ज्योतीराम म्हणला, “भैरू, तू रोज काय म्हणायचास? काढतील, काढतील. मनात धरलंस, बोललास, झालं. तूच बोलावून घेतलंस भावा.”

भैरू ताटावरनं उठला. म्हणला, “आन् तुमची बोटं कुणी बोलावली व्हती, भाऊ?”

कुणाचा पंजा वर झाला नाही. ज्योतीरामनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिला. भैरू दोन महिने खानावळीत आला नाही. मग दुसरीकडं काम लागलं, आला, ज्योतीरामनंच त्याला हात धरून आणला. पण त्या दिवसापासनं ज्योतीराम जास्तच घट्ट झाला. जणू त्या एका प्रश्नानं आत काही हाललं होतं आणि त्याला ते धरून ठेवायचं होतं.

यंदा संक्रांतीच्या टायमाला इंदुताई सहज म्हणली, “ज्योत्या, तोंड उतरलंय रं तुझं. आजारी दिसायलास.”

तो एवढा चिडला की हातातला कप आदळला. “ताई, दुसरं कुणी बोललं तर चालतंय. तू बोललीस की मला लागतं. तू नको बोलत जाऊ असलं.” दोन दिवस खाली आला नाही. ज्याला कडेवर घेऊन वाढवला तो दोन दिवस बोलला नाही, तेव्हा इंदुताईनं मनाशी ठरवलं की आता आपण कधी बोलायचं नाही.

आणि तिनं पाळलं. महिनाभर तो जिना चढताना मधल्या वळणावर थांबत होता. थांबायचा आणि मोबाईल काढून बघायचा, जसा काही फोन आलाय. फोन आलेला नसायचा. खालून तिला सगळं दिसायचं. ती कांदा चिरायला लागायची.

असं ते होतं. म्हणून त्या सकाळी तो बोलला तर तिला वाटलं, मुद्दाम बोलतोय. बघायलाय ताई पकडती का. चिडलेलं विसरला, परत खेळाला लागला. तिला तर उलट आनंद झाला होता, हेच तिला सगळ्यात जास्त खातं. आनंदानं पंजा दाखवला तिनं.

दवाखान्यातनं आणला, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी वर्षाली तिच्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

“ताई, त्या दिवशी मी झोपले होते हो. सेकंड शिफ्ट करून आलते, त्यांनी उठवलं पण न्हाई. तुमच्याशी काय बोलले का जाताना? काय त्रास होतोय असं?”

इंदुताईच्या तोंडावर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण समोर वर्षालीचं तोंड बघितलं आणि तिच्या तोंडातनं निघालं, “न्हाई गं. रोजच्यासारखं, दिवस एक नंबर म्हणला. हसत गेला.”

वर्षालीनं डोळे मिटले. “हसत गेले,” म्हणली. “बरं झालं.”

मग ती तेच सगळ्यांना सांगायला लागली. भेटायला येईल त्याला. काही त्रास नव्हता हो, हसत गेले. गावाकडनं आलेल्या बायांना, मिनलच्या शाळेतल्या बाईंना. कंपनीतल्या पोरांनी पुलाखाली, बस येते त्या जागेवर, फ्लेक्स लावला. ज्योतीरामचा मोठा फोटो, उजवा हात पुढं केलेला, आणि खाली ‘शेवटपर्यंत हसतमुख’. इंदुताई भाजी आणायला त्याच रस्त्यानं जाते. तिनं रस्ता बदलला. पिशवी घेऊन लांबून फिरून जायची.

दहावा मोशीला नदीवर झाला. कावळा लगेच शिवला. कुणीतरी म्हणलं, “बघा, समाधानी माणूस. काय इच्छा राहिली न्हाई.” इंदुताई मागं बायांत उभी होती. तिला वाटलं, राहिली कशी न्हाई, मला बरं वाटंना एवढं सांगायचं राहिलं की त्याचं. सांगितलं तर मी माघारी घ्यायला लावलं.

त्याच दिवशी नदीवरनं आल्यावर गणराज तिच्यापाशी बसला. पंचविशीतला पोरगा, ढसाढसा रडत होता.

“मावशी, आमच्यात शिफ्ट चालू व्हायच्या आधी सगळे गोल उभे राहतात. लाइनप्रमुखानं एकेकाला विचारायचं, झोप झाली का, तब्येत बरी हाय का, ज्याला काय होत असंल त्यानं हात वर करा. नियमच हाय तो, मशिनवर चक्कर आली तर हात जातो म्हणून. त्या दिवशी ज्योतीरामभाऊंनी अठरा जणांना विचारलं. मला ताप होता. मी हात वर केला न्हाई, खाडा पडंल म्हणून. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आन् जबरदस्तीनं कंपनीच्या दवाखान्यात पाठवलं. म्हणले, लपवायचं न्हाई रं असलं.” त्यानं नाक पुसलं. “मी तिथं गोळी घेऊन पडलो होतो आन् इकडं ते पडले. सगळ्यांना त्यांनीच विचारलं. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं मावशी.”

इंदुताईला माहीत होतं, हे खरं नाही. विचारणारं कुणी नव्हतं, पण त्यानं हात वर केला होता. पहाटे साडेपाचला, तिच्या स्वयंपाकघरात, चौकटीला टेकून. सात वर्षांत एकदाच. आणि तिनं तो खाली करायला लावला.

त्या दिवसापासनं तिचं जेवण तुटलं. बाया म्हणायच्या, बहीण ना शेवटी, कडेवर वाढवलेला. तिला ते पण सोसायचं नाही. लोकं जेवढं चांगलं बोलायचे तेवढं तिला चोरी केल्यावाणी वाटायचं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे पांगले होते तेव्हा तिनं ते पिवळं पुस्तक काढलं. चुलीत घालायचं ठरवलं होतं तिनं, पण चूल कुठं, सगळा गॅस. मग म्हणली, वाचून तरी बघावं आपण काय आणलं होतं ते. आणलं तेव्हा तर नुसता सूर्य बघून आणलेलं. एकेक अक्षर लावत बसली. कव्हर तेलकट झालेलं, पानापानावर ज्योतीरामनं लाल पेनानं रेघा मारलेल्या. जे बोलाल ते घडेल, खाली दोन रेघा. तक्रार करणारा हरतो, रेघ. चांगलं पण होतं बरंच. सकाळी उठा, कुणाला तरी मदत करा, केलेली चूक कबूल करा, त्याला पण रेघ.

मागं मागं, शेवटाला, एक पान होतं. त्याच्यावर एक पण रेघ नव्हती. कोरं करकरीत होतं, जणू कुणी उघडलं नसंल. तिथं लिहिलं होतं की शरीर जे सांगतं ते ऐका, दुखणं अंगावर काढू नका, आधी डॉक्टरकडं जा आणि मग बाकीचं. एवढंच, चार ओळी.

तिनं त्या चार ओळी तीनदा वाचल्या, चुकलं तर नाही ना म्हणून. पुस्तकाला शिव्या द्यायची सोय पण राहिली नाही तिला. पुस्तकात होतं. त्यानं वाचलं नसंल, नाहीतर वाचून पुढं गेला असंल. आणि तिनं तर आणून दिलं आणि कधी उघडलंच नाही. गरज होती तेवढं त्यानं घेतलं, बाकीचं सोडलं, आणि त्या घेतलेल्या तेवढ्यावर सगळं घर चालवलं, तिला पण चालवलं. पुस्तक तिनं परत फडताळात ठेवलं. जाळलं नाही.

चौदाव्या दिवशी खानावळ उघडली. उघडणं भाग होतं, माणसं दोन आठवडे बाहेरचं खाऊन वैतागलेली. वर्षालीनं कामावर सुट्टी टाकली होती, ती पण खाली आली हाताखाली. दोघी आपापलं काम करत होत्या, मुक्यानं. संध्याकाळी पंगत बसली. भिंतीवर ते निळं वाक्य, त्याच्याखाली ज्योतीराम वाचायला बसायचा ती खुर्ची, रिकामी. कुणी तिच्यावर बसलं नाही.

सगळे जेवले. खाली मान घालून, पटापटा. पाणी मात्र लई पीत होते. जग तीनदा भरावा लागला.

“कसं झालंय?” इंदुताईनं सवयीनं विचारलं.

“एक नंबर, मावशी,” धोंडीबा म्हणला.

“झकास,” दुसरा म्हणला. भैरूनं नुसती मान हलवली आणि ग्लास तोंडाला लावला.

माणसं हात धुऊन निघायला लागली तेव्हा इंदुताई वाढून घेऊन बसली. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा तिला जरा भूक लागली होती. वरणाचा पहिला घास घेतला आणि तोंडातच राहिला. नुसतं मीठ. तिनं घातलं होतं, आणि तिला न विचारता वर्षालीनं पण घातलं होतं. जीभ जळत होती.

ती ताट घेऊन उठली. “थांबा,” म्हणली. असा आवाज तिचा कुणी कधी ऐकला नव्हता. “हे तुम्ही खाल्लं? बावीस माणसांनी खाल्लं? एक जण बोलला न्हाई?”

सगळे चपला घालता घालता थांबले. धोंडीबा भिंतीकडं बघायला लागला.

“भैरू, तू सांग. खारट होतं का न्हाई?”

“मावशी, आता दुःखाचं घर… आन् भिंतीवर लिहिलंय की, चांगलं बोला. म्हणलं, खावं गपचूप.”

“अरे, खारट होतं का न्हाई?”

“लई खारट होतं, मावशी,” भैरू म्हणला. “दर्यात चपाती बुडवल्यावाणी.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप झालं. सगळे वाट बघत होते. सवयच ती. आता कोणतरी पंजा दाखवंल. कुणी दाखवला नाही.

इंदुताई मटकन खाली बसली. ताट बाजूला ठेवलं. वर्षाली तिला धरायला आली, तिला वाटलं चक्कर आली. इंदुताईनं तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांच्या समोर म्हणली, “वर्षाली, तो मला बोलला होता. छातीत जळायलंय म्हणला. हात जड झालाय म्हणला. घामानं भिजला होता. मी पंजा दाखवला त्याला. शब्द माघारी म्हणलं. तो हसला ते त्याच्यावर हसला. मी तुला खोटं सांगितलं.”

गणराज दारातच खाली बसला.

वर्षालीनं हात सोडवून घेतले. ओरडली नाही. हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “मी वरच होते ताई. बारा पायऱ्या. हाक मारली असती तर मी उठले असते. मला उठवलं न्हाई त्यांनी, तुम्हाला सांगितलं. का माहितीय? तुमच्यापाशी ते लहान होते.”

“व्हय.”

“आन् मी दोन आठवडे सगळ्यांना सांगत फिरले. हसत गेले, हसत गेले. त्या फ्लेक्सवर पण तेच.”

“व्हय गं.”

“तुम्ही मला निदान त्या दिवशी तरी खरं सांगायचं होतं.”

ती वर निघून गेली. माणसं एकेक करून गेली. कुणी इंदुताईला म्हणलं नाही की तुमची काही चूक नाही मावशी. म्हणलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारला वर्षाली खाली आली. चपात्या लाटल्या, डबे भरले, एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पण तसंच. मिनल मधी बसून दोघींची तोंडं बघायची. इंदुताईनं काही मागितलं नाही, माफी पण नाही. तिला वाटलं, हिला गप राहायचा हक्क हाय. भिंतीवरचं वाक्य तिनं पुसलं नाही, त्याचं अक्षर होतं ते. पण पुलाखालच्या रस्त्यानं ती परत जायला लागली. फ्लेक्ससमोर जरा थांबायची, त्या पुढं केलेल्या हाताकडं बघायची आणि भाजीला जायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पंगत बसली. मागच्या वेळेच्या धास्तीनं इंदुताईनं चिमटी चिमटीनंच मीठ घातलं होतं. भैरूनं पहिला घास घेतला, जरा चावला, आणि मोठ्यानं म्हणला, “मावशी, आज मीठ कमी हाय.”

सगळ्यांचे घास हातात थांबले. धोंडीबाचा पंजा सवयीनं अर्धा वर गेला आणि मग त्यानं तो तसाच मिशीवरनं फिरवला.

“आन् वांगं पण जरा कच्चं हाय,” कोपऱ्यातनं गणराज म्हणला, भीत भीत.

इंदुताई उठायला लागली. गुडघे धरले होते तिचे, एका दमात उठता येईना. वर्षाली शेगडीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. हात लांब करून मिठाचा डबा घेतला, झाकण काढलं आणि इंदुताईच्या हाताजवळ आणून ठेवला.